कोनफळाच्या ब्राउनी

दादाने सकाळीच मला जिन्यात गाठून सांगितलं, "उद्या आम्ही निघतो. तोवर आईने हिच्या हातचं काही खाल्लं नाही, तर हिला परत सुरतेला आणणार नाही. मीही येणार नाही."

दादाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आणि हट्ट त्याने आईकडूनच घेतलेला. त्याने दुबईत फिलिपाइन्सच्या मुलीशी लग्न केलं, ते आम्हाला फोनवर कळलं. आता आठ दिवस दोघं सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्याच्या घरात होती, आणि आईने वहिनीच्या चहालासुद्धा तोंड लावलं नव्हतं. बोलणं तर दूरच, मिठाची गुळणी धरून बसली होती. मला आईचा राग येत होता, दादाचाही. भीती त्याहून जास्त वाटत होती.

वहिनीने शेवटचा डाव म्हणून ब्राउनी करायच्या ठरवल्या. बाजारात उंधियूसाठी आलेलं कोनफळ बघून ती हरखली होती. तिच्याकडे त्याला उबे म्हणतात, वाढदिवसाला त्याचंच गोड करतात. "एकदम पर्पल होगा, दीदी," ती मला म्हणाली. दुपारी दादा काही कामासाठी बाहेर पडला. कोनफळ धुऊन ओट्यावर ठेवून ती अंघोळीला गेली, मी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला.

खाली आले तर वहिनी ओट्यापाशी नुसती उभी. पातेल्यात कोनफळ सोलून, चिरून शिजवलेलं होतं, पण जांभळं नव्हतं. दंतमंजनासारखं गुलाबी झालं होतं आणि पाण्यावर आमसुलं तरंगत होती. वहिनीने पातेल्यावर झाकण ठेवलं. खोलीत गेली आणि बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

माझं डोकंच फिरलं. "आई, नसेल खायचं तर नको खाऊ! पण तिचं करणं नासवायचं कशाला?"

आई गोंधळली. "कंद खाजस. आमसूल नई टाकं ते घसा धरी. परका मुलूखनी पोर, तिले काय माहीत? मी काय वैरीण शे का तिनी?"

आमच्या घरी अळू असो की कोनफळ, घशाला खाज सुटू नये म्हणून आंबट घातल्याशिवाय शिजत नाही. त्या आंबटाने रंग पळतो, हे आईला कुठून ठाऊक असणार? मला माझ्याच तोंडाची लाज वाटली. खोलीत जाऊन मी वहिनीला सगळं समजावलं. तिने दोनदा विचारलं, "मेरे गले के लिए?" मग डोळे पुसून बाहेर आली आणि तेच गुलाबी कोनफळ कुस्करून लोणी, साखर, मैद्यात कालवू लागली.

ताटली ओव्हनमधून निघाली तेव्हा दादाची गाडी खाली लागली. ब्राउनी आतून ओलसरच होत्या, त्या तशाच व्हायला हव्यात. आई हातांना खोबरेल चोळत बसली होती. कोनफळ सोलताना खाज सुटून तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. वहिनीने चमच्यात एक घास घेतला, फुंकला आणि तिच्यासमोर धरला. आई त्याच्याकडे बघत राहिली. जिन्यात दादाची पावलं वाजली.

"कच्चं दिखस," आई म्हणाली, आणि तिने तोंड उघडलं.