टोमॅटोच्या रोपांचा व्यायाम

ट्रे उचलला आणि रोपांनी अंगच टाकलं. सविताताईंचं तोंड एवढंसं झालं. राजूरजवळ त्यांनी नुकतीच रोपवाटिका टाकली होती आणि ही पहिलीच ऑर्डर. कुंभार पिंपळगावचे एक दादा बारा दिवसांनी टोमॅटोची रोपं न्यायला येणार होते. पहिलंच गिऱ्हाईक परत गेलं तर गावोगाव बोभाटा.

रोपवाटिकांना सल्ला देणं हे माझं काम. मी रोपं सोडून आधी शेडनेटच्या बाजू बघितल्या. चारी अंगांनी जुन्या साड्या बांधलेल्या.

"लई वारं लागून राह्यलं होतं साहेब. कवळी रोपं, म्हणून आडोसा केला."

"तिथंच घोटाळा झाला, ताई."

कोवळ्या खोडात लाकूड नसतं. हवा भरलेली सायकलची ट्यूब जशी ताठ, तसं ते आतल्या पाण्यावर उभं असतं. इथं पाणी भरपूर होतं, पण खोडच उंच नि बारीक. वाऱ्यानं हलणारं रोप उंची आवरतं आणि खोड जाड करतं. ह्यांना वारा माहीतच नव्हता.

साड्या सोडल्या. पाणी बेतानं केलं. मंग ठिबकच्या नळीचा तुकडा दोघांनी दोन टोकांना धरून शेंड्यांवरून हलकेच फिरवला. हे रोज दोनदा, पानं कोरडी असताना.

"रोपं कुरवाळायचा पगार घेता व्हय?" ताईंच्या सासूबाईंनी विचारलं. मी नळी पुढच्या ट्रेवर नेली.

बारा दिवसांत उंची जागीच थांबली, खोडं जाड झाली. ठरल्या दिवशी दादा पिकअप घेऊन आले. ट्रे बघून नाक मुरडलं. "बुटकी हायेत. दुसऱ्या नर्सरीत वीतभर झाली."

गिऱ्हाइकाला उंच रोप आवडतं, हे मी साफ विसरलो होतो.

ताई शांतपणे म्हणाल्या, "दादा, एक ट्रे गाडीत ठिवा. फाट्यापर्यंत जाऊन या. एक जरी रोप आडवं झालं तर बिलकुल नेऊ नका."

फाट्याचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. दादा परत आले, तेव्हा सगळी रोपं ताठ. त्यांनी एक शेंडा बोटानं वाकवून सोडला. तो परत सरळ झाला. मंग सगळे ट्रे गाडीत चढले. ताई हसत होत्या, डोळेही पुसत होत्या. मलाही लई बरं वाटलं.

निघताना दादांनी मला बाजूला घेतलं. "औषध कोणतं मारलं?"

"औषध न्हाई. नुसतं हलवलं."

"सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि गाडीत बसले.

तेव्हापासून हा सल्ला मी कागदावर लिहून, खाली सही करून देतो.