हेडाऊ सर आणि छपराखालचा उजेड

हेडाऊ सरांपुढे कोणतंही ड्रॉइंग ठेवलं की ते आधी इमारतीकडे पाहतच नसत. तळहात कागदावर आडवा धरायचे आणि विचारायचे, "काहून गा काटोलकर, ऊन कुठून येऊन राहिलं?" माझं आडनाव काटोलकर नाही. काटोलजवळच्या खेड्यातून आलो म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी ते ठेवलं आणि शेवटपर्यंत बदललं नाही. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच. आर्किटेक्ट झालेल्या मुलाला नोकरी कुठे मिळते, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. सरांनी मार्कशीट न पाहता सीताबर्डीवरच्या आपल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मला घेतलं. त्याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बरीच कुरकुर करणार आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर काटोलच्या संत्रा बागायतदारांच्या एका संस्थेला लिलावासाठी मोठं छप्पर बांधायचं होतं. दोन ऑफिसांकडून नमुने मागवले होते. हे काम मिळालं तर तुले पक्कं करतो, असं सरांनी मला सांगितलं. नाही मिळालं तर दोघांना पुरेल इतकं काम ऑफिसात नाही, हे न सांगताही कळत होतं.

नमुना म्हणजे पुठ्ठ्याचं मॉडेल. दुसऱ्या कोणी ते पांढरं ठेवून हात झटकले असते. सरांना त्यावर लिलावाच्या वेळची ऊन-सावली रंगवून हवी होती, म्हणजे मॉडेल कुठल्याही दिव्याखाली ठेवा, आत खरा किती उजेड असेल ते दिसेल. त्यांचे शाळासोबती चिंचोळकर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत. त्यांनी तिथल्या कॉम्प्युटरवर हा हिशेब करणारे दोन प्रोग्राम लिहिले होते. लहान प्रोग्राम सूर्याचा किरण पहिल्या आडोशापर्यंतच नेई. पोचला तिथे ऊन, अडला तिथे काळोख. मोठा प्रोग्राम किरणाचा पिच्छा सोडत नसे. तो जमिनीवरून उसळून छपराला लागला, छपरावरून खांबाला, सगळं मोजत राही. लहानाचं काम चहा संपेपर्यंत आटपे. मोठा दिवसभर मशीन अडवून बसे. दोन्हींतून आकड्यांनी भरलेले कागद निघत. मी मॉडेलवर पेन्सिलीने चौकटी आखायच्या आणि आकडा पाहून प्रत्येक चौकटीत फिकी किंवा गडद शाई भरायची.

कोणता प्रोग्राम घ्यायचा, एवढंच ठरवायचं होतं. सरांनी त्यात अख्खा पावसाळा घालवला. लहान प्रोग्रामने रंगवलेलं मॉडेल पाहून म्हणाले, "याच्यात संत्रं ठेवलं तर सापडन का?" मी नवा पुठ्ठा लावला. मोठ्याचे कागद आले तर छप्पर आतून इतकं उजळ कसं, अशी शंका. चिंचोळकरांनी जमीन पांढऱ्या फरशीची धरली होती, काटोलची माती तशी नाही. पुन्हा मशीन, पुन्हा पुठ्ठा. मग म्हणे, लहानच बरा होता. चिंचोळकरांनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं की मशीन कॉलेजचं आहे, तुमच्या साहेबांच्या सासुरवाडीचं नाही. शेवटी, समिती यायच्या आदल्या दिवशी सरांचा हुकूम झाला: डावी बाजू लहानाची रंगव, उजवी मोठ्याची, शेजारी शेजारी पाहू आणि ठरवू. मी ब्रश टेबलावर आपटला.

"आपट गा," ते म्हणाले, "पण धुऊन ठेवजो."

ठरलं नाहीच. समिती आली तेव्हा मॉडेल अर्धं काळं, अर्धं उजळ. मला कुठे तोंड लपवू असं झालं. काटोलची मंडळी वाकून वाकून पाहू लागली. त्यांचे अध्यक्ष मोठे बागायतदार होते. त्यांनी काळ्या बाजूवर बोट ठेवलं.

"आपल्याले हेच पाह्यजे. पाहूनच थंडं वाटून राहिलं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडच्या उन्हात जन्म काढलेल्या माणसाला सावली जितकी काळी तितकी गार वाटते. आम्ही दोन वेगळी छपरं आणली आहेत असंच त्यांनी धरलं होतं. आता सरांनी फक्त गप्प बसायचं होतं.

"भाऊ, छप्पर एकच हाये," सर म्हणाले. "हा अंधार मशीनचा हाये, छपराचा नाही. बांधलं का असा उजेड येईन." आणि त्यांनी उजळ बाजूवर तळहात ठेवला.

मग काळंच बांधता येत नाही का, असं अध्यक्षांनी विचारलं. सर म्हणाले, येतं, पण मग डागी संत्रं कोणतं ते दिसणार नाही. मंडळी चहा पिऊन गेली. काम दुसऱ्या ऑफिसला मिळालं. त्यांच्या चित्रातली सावली डांबरासारखी होती, असं मागाहून कळलं.

काम गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं, गप्प बसला असतात तर तुमचं काय जात होतं?

"तुह्याच गावचे लोकं त्या छपराखाली बसतीन," ते म्हणाले. "वर पाहतीन अन् म्हणतीन, दाखवलं एक, बांधलं एक. तू तोंड कुठं लपवशीन?"

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः मला स्कूटरवर मागे बसवून जरीपटका भागातल्या एका ओळखीच्या बिल्डरकडे नेलं आणि पोरगा कामाचा आहे म्हणून सांगितलं. सरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण स्कूटर वळवताना त्यांनी माझ्याकडे पाहणं टाळलं ते अजून आठवतं.

बिल्डरने थोड्याच दिवसांत एक चित्र माझ्यापुढे टाकलं. उत्तरेच्या खोलीत भरपूर ऊन दाखव म्हणाला, गिऱ्हाईक खूश होतं. मी ब्रश भिजवला, मग धुऊन ठेवला आणि तिकडून ऊन येत नाही म्हणालो. दिवाळीच्या आधीच मी घरी बसलो.

हेडाऊ सरांनी मला दोन नोकऱ्या दिल्या आणि दोन्ही घालवल्या. दुसरीच्या वेळी तर ते खोलीत नव्हतेसुद्धा.