काढता न येणारी ठेव

थ्योलोच्या बीजबँकेत ग्रेशम म्पोन्डा शीतखोलीचे प्रमुख होते. रानझुडपांचं, गवतांचं, वेलींचं बी वाळवून, चकचकीत पाकिटांत बंद करून तिथं गोठवून ठेवत आणि खोलीची किल्ली म्पोन्डांच्या गळ्यात असे. रानाबद्दल त्यांना फारशी माया नव्हती. तिथं बूट चिखलानं भरत. झाड पाकिटात गेलं की मात्र ते त्याच्या प्रेमात पडत. बाहेर झाडाला वणवे असतात, शेळ्या असतात, माणसं असतात. आत काहीच नसतं, म्हणून आतलंच झाड खरं सुखी, असं ते पाहुण्यांना सांगत. पाहुणे ते लिहूनही घेत.

आजवरच्या नोकरीत त्यांनी कुणाला एक बी दिलं नव्हतं. संशोधक आले, शाळामास्तर आले, एकदा मंत्र्यांची बायको बागेसाठी आली. सगळ्यांना चहा मिळाला. याच कर्तबगारीवर म्पोन्डांना बढत्या मिळत गेल्या.

मग एलुबी नाबान्डा आल्या. डोंगराखालच्या गावातल्या या विधवा बाईंचं पोट मधपेट्यांवर चाले. त्यांच्या डोंगरावर पिवळ्या फुलांचं एक झुडूप होतं, ते दुसरीकडे कुठंच सापडलेलं नव्हतं. बँकेच्या माणसांना ते एलुबींनीच दाखवलं होतं, वर त्यांना मक्याच्या पिठाचा न्सिमा पोटभर रांधून घातला होता. त्या वर्षीच्या वादळात डोंगराची ती कड चिखलासकट खाली आली. झुडपं गेली, मधमाश्या पेट्या सोडून निघाल्या. म्हणून त्या बी मागायला आल्या होत्या.

म्पोन्डांनी हळहळ व्यक्त केली आणि बी अगदी सुखरूप असल्याचं अभिमानानं सांगितलं.

"मग द्या ना, बाम्बो," त्या आदरानं म्हणाल्या. "मूठभरच."

"अमायी," म्पोन्डाही तितक्याच आदरानं म्हणाले, "ते भविष्यासाठी आहे."

"ते कधी यायचंय?"

हे म्पोन्डांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी बाईंना बँकेच्या समितीकडे धाडलं. समितीनं आपुलकीनं ऐकून घेतलं आणि झुडूप नष्ट झाल्याचा पुरावा म्हणून त्याची एक ताजी फांदी आणायला सांगितली.

एलुबी परत म्पोन्डांच्या दाराशी येऊन बसल्या. भांडल्या नाहीत.

"आमच्या गावातही असंच एक राखलेलं रान आहे," त्या म्हणाल्या. "तिथल्या काडीलाही कुणी हात लावत नाही. माणसं पुरतो आम्ही तिथं."

म्पोन्डांना ते लागलं. बी आत मरून गेलं असेल, तर इतकी वर्षं आपण राखलं तरी काय? ते जिवंत आहे का हे पाहायला नियमात उगवण-चाचणीची मुभा होती. पण तिच्यात बी खर्ची पडतं, म्हणून ते ती टाळत आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती लावली आणि ओल्या कागदाशी रोज भिंग घेऊन बसू लागले. अखेर एका दाण्यातून पांढरं टोक डोकावलं, मागोमाग दुसऱ्यातून. डोक्यावरचे केस पिकलेल्या या माणसानं झाड जन्माला येताना पहिल्यांदाच पाहिलं. डोळे पुसून त्यांनी चष्म्याला दोष दिला.

पुढचा नियम स्पष्ट होता: चाचणीतले कोंब कचऱ्यात टाकावेत. म्पोन्डांनी उभ्या जन्मात नियम मोडला नव्हता. त्यांनी एलुबींना निरोप पाठवला आणि त्या आल्यावर कोंबांचं तबक घेऊन मागच्या खड्ड्यापाशी गेले. तिथं ओली माती पसरून एकेक कोंब त्यांनी अलगद ठेवला.

"हा कचरा आहे, अमायी. कचऱ्यावर बँकेचा काही हक्क नाही."

"इतक्या मायेनं कचरा टाकणारा माणूस मी पाहिला नव्हता," एलुबी म्हणाल्या आणि त्यांनी टोपली पुढे केली.

चाचणी पुन्हा पुन्हा घ्यायला नियमाची आडकाठी नव्हती, हे म्पोन्डांनी तपासून घेतलं. त्यांच्या या नव्या काटेकोरपणाचं बँकेच्या संचालकांनी सभेत कौतुक केलं.

काही पावसाळ्यांनी डोंगराची कड पुन्हा पिवळी झाली. संचालक पथक घेऊन आले, झुडपाची नवी वस्ती शोधून काढल्याबद्दल त्यांचा फोटो निघाला. मग त्यांनी तिथंच उभं राहून एलुबींना या झुडपाचं महत्त्व सविस्तर समजावलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि साहेबांना पुन्हा माश्यांनी भरलेल्या पेट्यांपासून जरा लांब उभं राहायला सांगितलं.