डोळ्याखालचा भोवरा

सरळ सांगते. आमच्या घोडीच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा एक भोवरा होता. अंगठ्याखाली झाकला जाईल एवढा. तेवढ्यापायी आमच्या घरातला तीन पिढ्यांचा घोड्यांचा वंश संपला. घोडी मेलेली नाही. जांभूळ गावाच्या बाजूला नातेवाइकांच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड आहे, तिथे ती उभी असते, गवत खाते, माश्या हाकलते. पण तिच्यानंतर कोणी नाही.

पप्पा अंबरनाथला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहेत. सुट्टीच्या दिवशी इतरांचे वडील झोपतात, टीव्ही बघतात. आमचे पप्पा घोडीला खरारा करतात. ओव्हरटाइमचा पैसा हरभऱ्याच्या चंदीत, म्हणजे तिच्या खुराकात जातो. आई म्हणायची, "माझी सवत चार पायांची आहे, निदान पळून तरी जाईल अशी आशा आहे."

हे वेड आजोबांचं. आजोबा उल्हासनगरात टांगा चालवायचे. त्यांची घोडी अबलख, म्हणजे पांढऱ्या अंगावर मोठमोठे काळे पट्टे. कॅम्पातले लोक लांबूनच ओळखायचे. रिक्षा आल्या, टांगा भंगारात गेला, घोडी मात्र आजोबांनी ठेवली. तिच्या पोटची एक, तिच्या पोटची आणखी एक. आमच्या घरात पणजी-खापरपणजीची नावं कुणाला धड आठवत नाहीत, पण घोडीची वंशावळ मला चौथीत तोंडपाठ होती.

अबलख घोडीचा बाजारात उपयोग शून्य. उल्हासनगरात लग्नं भरपूर, वराती भरपूर, पण त्यांना लागते पांढरीशुभ्र. वरातीला घोड्या पुरवणारा एक सिंधी काका पप्पांच्या ओळखीचा होता. तो एकदा शेडवर आला, घोडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "साईं, जानवर ए-वन है. लेकिन इस पे दूल्हा बैठेगा तो लोग पूछेंगे, सर्कस कहाँ लगी है?" पप्पा हसले. बदलापूरच्या शिरगावातून तिला फिरवत नेलं की पोरं ओरडायची, "अंकल, जर्सी दूध किती देते?" त्यालाही पप्पा हसायचे. त्यांना ती वरातीसाठी नकोच होती. त्यांना ती पळवायची होती.

पळवायची म्हणजे चौखूर उधळायची नाही. आमच्याकडे शर्यत असते रेवाल चालीची. घोडी जोरात जाते, पण पाठ हलत नाही. वर बसलेल्याच्या हातातला चहा सांडता कामा नये, असं जुने लोक सांगतात. दोन-दोन घोडे जोडीने सोडतात आणि बाजूने मोटरसायकलवर एक माणूस फक्त पायांकडे बघत जातो. चाल मोडून घोडा उधळला की बाद, मग तो कितीही पुढे असो. ही चाल शिकवून थोडीफार येते, बाकी रक्तातून येते. आमच्या घोड्यांच्या रक्तात ती होती.

ही शेवटची जन्मली तेव्हा मी कॉलेजात होते. सकाळी पप्पांनी फोन करून बोलावलं. शिंगरू ओलं, पाय फाकून उभं राहायची खटपट चाललेली, आणि अंगावर काळे पट्टे असे की कुणी ब्रशने ओढलेत. पप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं. नाल ठोकणारे म्हातारे चाचा उल्हासनगरहून आले होते. त्यांनी शिंगराचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि हात काढून घेतला.

"आसूढाळ है, भाई," चाचा म्हणाले. "आँख के नीचे भँवरा. मालिक को रुलाती है. पैर उठाने से पहले निकाल दो घर से."

"मालकाला कंपनी रडवतेच आहे, चाचा," पप्पा म्हणाले. "ही अजून काय वेगळं करणार?"

आम्ही दोघं हसलो. का नाही हसणार? आमच्या घरातले देव पणजोबांनी धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षीच बाहेर काढले. लिंबू-मिरची, अमावस्या, आडवं गेलेलं मांजर, आम्ही काहीही पाळलं नाही. पप्पांनी मला लहानपणी शिकवलेलं वाक्य एकच: कुणी भीती घातली की आधी विचार, ह्यात त्याचा फायदा काय. मी आज एका संघटनेचं काम करते, नाल्यात सुटणाऱ्या केमिकलवर आणि बुवांच्या दरबारांवर पत्रकं लिहिते, ते ह्या एका वाक्यावर.

पण शर्यत एकट्याने होत नाही, हे आम्ही विसरलो होतो. जोडीला कोणीतरी उभं राहावं लागतं.

घोडी तीन वर्षांची झाली, पप्पांनी स्वतः तिला चालीवर आणली. भात कापून खाचरं मोकळी झाली की बदलापूरच्या पुढे गावाकडे शर्यतीसाठी एक लांब मैदान धरतात. मैदान ज्यांच्या जमिनीवर, त्या काकांकडे ह्या भागातला एकुलता एक अबलख घोडा. पप्पांच्या मनातलं सगळं तिथेच अडकलेलं. घोडी पळाली, सगळ्यांनी बघितली, की काका पैदाशीसाठी आपला घोडा तिला दाखवतील. दोन अबलखांचं शिंगरू. खानदेशच्या घोडेबाजारात न्यायची तर ट्रक, कागदपत्रं, रजा. इथे सगळं दारात होतं.

शर्यतीच्या पहिल्या दिवशी पप्पा तिला रेषेवर घेऊन गेले आणि शेजारच्याने आपला घोडा बाजूला काढला. दुसरा आला, त्याने वाकून डोळ्याखाली बघितलं, तोही गेला. मग कोणी आलंच नाही. पप्पा घोडीवर बसून एकटे रेषेवर. लोक वडापाव खात बघतायत.

मी काकांकडे गेले. "काका, काय प्रकार आहे हा?"

"अगं पोरी, त्या जनावराला डोल्याखाली खोड हाय. आमचं कोन हुबा रव्हाचा नाय तिच्या बाजूला."

"केस उलटे उगवलेत, काका. तुमच्या डोक्यावर पण भोवरा आहे."

"तुमच्यात चालत असंल," काका अगदी मायेने म्हणाले. "आमच्यात नाय चालत."

हे "तुमच्यात" मी बालवाडीपासून ऐकते. वर्गात डब्याच्या वेळी ऐकलं, भाड्याने खोली बघताना ऐकलं. आता घोडीच्या डोळ्यापर्यंत पोचलं होतं. माझं डोकं फिरलं. मी घरी येऊन जे करता येतं ते केलं. पत्रक लिहिलं. "भोवरा कातडीवर असतो, नशिबावर नसतो." खाली जनावरांच्या डॉक्टरांकडून समजून घेतलेली माहिती. कॅम्पातल्या लग्नपत्रिकांच्या प्रेसमध्ये स्वस्तात छापलं, म्हणून कागद गुलाबी, कोपऱ्यात चुकून राहिलेला गणपती. पुढच्या शर्यतीला मी ती प्रत्येकाच्या हातात दिली. लोकांनी घेतली, तक्रार नाही. एकाने तिचा कोन करून घोड्याला चणे घातले आणि घोड्याने चण्यांबरोबर पत्रकही खाल्लं.

"चला," पप्पा म्हणाले, "एकाने तरी पचवलं."

त्या दिवशीही जोडी मिळाली नाही. परत येताना काकांनी पप्पांना बाजूला घेतलं. मी ऐकत होते. "ऑपरेटर, वाईट नका वाटून घेऊ. डागून घ्या ना. खोड जळाली म्हंजे गेली, मंग आमची ना नाय. आनि पलली ना, तर आमचा घोरा तुमचाच समजा."

शेडवर आम्ही भांडलो.

"डागायचं नाही," मी म्हटलं. "विषय संपला."

"मी कुठे म्हणालो डागतो म्हणून."

"मग गप्प का आहात?"

"अगं, हिची आई म्हातारी झाली. आता ती गाभण राहणार नाही. ही एकटी उरली. तू समाज बदल, मी नको म्हणतोय का? पण समाज बदलेपर्यंत हिचं वय निघून जाईल. मला एक शिंगरू पाहिजे. बस."

मी म्हटलं, "आज भोवरा, उद्या आणखी काही सांगतील." पप्पा घोडीच्या मानेवर हात फिरवत राहिले. डावा हात. पप्पा डावखुरे आहेत.

त्या आठवड्यात संघटनेचं शिबिर होतं. मी परत आले तर आईने दारातच सांगितलं, "तुझ्या पप्पांनी डागून घेतली." चपला न काढता मी तशीच शेडवर गेले.

डोळ्याखाली नाण्याएवढी काळी-लाल खूण, वर हळदीचा लेप. डोळा सुजून बंद. गावातून डागणारा माणूस आला होता म्हणे. पण घोडी परक्याला तोंड धरू देईना. शेवटी पप्पांनी डाव्या हाताने तिचं डोकं छातीशी दाबून धरलं, तेव्हा ती शांत झाली. आणि मग तापवलेली सळई लागली.

"डोळा वाचलाय," पप्पा म्हणाले. "डॉक्टर बघून गेले."

मी पप्पांना त्या दिवशी काय बोलले ते इथे लिहीत नाही. रागात बोलले, आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. पण त्यांच्यावरचा राग अर्धाच आहे. उरलेला त्या मैदानावर वडापाव खात उभ्या असलेल्या सगळ्यांवर आहे. सळई गरम करायला त्यांना एक काडी लागली नाही. नुसतं बाजूला उभं राहून त्यांनी ते आमच्याकडून करून घेतलं, आणि तेही मायेने, ऑपरेटर-ऑपरेटर करत.

जखम भरली. केस आले नाहीत, गुळगुळीत चट्टा राहिला. मैदानावर काकांनी स्वतः अंगठा फिरवून बघितलं आणि मान डोलावली. जोडी मिळाली. एक तांबडा घोडा, नावाजलेला.

मी बांधावर उभी होते. खरं सांगायचं तर जायचं नाही असं ठरवलं होतं, पण गेले. घोडी सुटली आणि मी सगळं विसरले. काय चालली ती! चारी पाय जमिनीला टेकतायत की नाही कळेना आणि पप्पांची पाठ अशी स्थिर, जणू खुर्चीत बसलेत. काळे-पांढरे पट्टे एकमेकांत मिसळून गेले. तांबडा मागे पडला. वडापाववाला भट्टी सोडून पुढे आला. कोणीतरी ओरडलं, "अरे, जर्सी निकल गयी रे!" आणि ह्या वेळी त्यात टवाळी नव्हती.

शेवटचा झेंडा समोर होता. पप्पांना आनंद आवरेना. आयुष्यभर जसं करत आले तसंच त्यांनी केलं. पुढे वाकले आणि शाबासकी द्यायला डावा हात मानेवरून पुढे नेला.

घोडीला तो हात डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला असणार. ती जागच्या जागी वाकडी झाली, मान आभाळात, आणि उधळली. चौखूर. झेंडा तिने ओलांडला, तांबड्याच्या कितीतरी आधी ओलांडला, आणि मोटरसायकलवरच्या माणसाने हात वर केला. चाल मोडली. बाद.

पप्पा बऱ्याच लांबून तिला चालवत परत घेऊन आले. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. काका म्हणाले, "बघा ऑपरेटर, वरून जालली, पन आत हायेच. रडवलान ना शेवटी?" पप्पांनी त्यांच्या अबलख घोड्याचा विषय काढला नाही. काकांनीच काढला. "आता कशाला वंश वाढवायचा असल्याचा?"

मी बोलले. ती हाताला घाबरली, भोवऱ्याला नाही, हे ओरडून सांगितलं. डागलं नसतं तर जिंकली असती, हे सांगितलं. माझ्याइतकं नीट हे कोणी मांडू शकलं नसतं, आणि एकाही माणसाने ऐकलं नाही. त्यांना आपला पुरावा मिळाला होता. पिशवीत उरलेली गुलाबी पत्रकं मी घरी आणली. आई त्यांच्यावर मसाला वाळवते.

त्यानंतर पप्पांनी घोड्यासाठी दोन-तीन ठिकाणी विचारलं. बातमी आधीच पोचलेली असायची. आता घोडीला चंदी आई देते. पप्पा शेडमध्ये जातात, पण दारातच थांबतात. ते आत पाऊल टाकतात तशी ती भिंतीकडे सरकते.

परवा त्या सिंधी काकाने निरोप पाठवला, त्याच्याकडे एक पंजाबकडचं शिंगरू आलंय, थोडं अबलख आहे, बघून जा. मी मुद्दाम पप्पांना घेऊन गेले. वाटलं, नव्याने सुरू होईल काहीतरी. शिंगरू छान होतं, लाल-पांढरं, खोडकर. माझ्या ओढणीचं टोक चघळायला लागलं.

"देख लो साईं," काका म्हणाला. "आराम से देख लो."

पप्पा जवळ गेले. पाय बघितले नाहीत, छाती बघितली नाही, चालवून दाखवा म्हणाले नाहीत. त्यांनी शिंगराचं तोंड हळूच उजेडाकडे वळवलं आणि डाव्या डोळ्याखाली अंगठा फिरवला. मग उजव्या.