खिडकीबाहेर मारलेला पंप

दर्शना वर्तकनगरला चष्म्याच्या दुकानात कामाला होती. ठाकुर्लीहून तिला भल्या सकाळी निघावं लागायचं, तेव्हा पाच वर्षांची रुचिता अजून झोपेतच असायची. रुचिताला दमा होता. ती बरी असली तरी सकाळ-संध्याकाळ पंप द्यायचाच, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं: पंप हलवून स्पेसरच्या नळीला लावायचा, मास्क नाकातोंडावर घट्ट धरायचा, मग चूळ भरायला लावायची. संध्याकाळचं दर्शना बघायची, सकाळचं तिचा नवरा प्रशांत.

दुकानात पोचली की ती फोन करून विचारायची, दिला का. तो म्हणायचा, दिला. रविवारी विहारात बायका म्हणायच्या, पोरीचं एवढं करणारा बाप बघितला नाही. प्रशांत मान खाली घालून हसायचा, आणि दर्शनाला ते ऐकून बरं वाटायचं.

दिवाळीनंतर रुचिताचा खोकला हटेना. औषध चुकत नाही ना, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा दर्शनाने छातीठोकपणे ‘नाही चुकत’ म्हणून सांगितलं. मग एका दुपारी शाळेतून फोन आला. दर्शना कल्याणच्या इस्पितळात धावत गेली, तर पोरीला ऑक्सिजन लावलेला, आणि दर श्वासाला तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. प्रशांत खाटेशी रडत बसलेला. दर्शनाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

रुचिता घरी आली. सुट्टीच्या सकाळी ती बाहुलीला औषध देत होती. तिने मास्क बाहुलीच्या तोंडाला लावला, लगेच काढला आणि पंप खिडकीच्या गजांतून बाहेर धरून दाबला.

"अगं, हे काय करतेस?"

"बाबा असंच करतो. मी रडले की बाहेर मारतो. तुला सांगायचं नाही म्हणाला."

प्रशांत चहा गाळत होता. त्याने नाकबूल केलं नाही. मास्क लावला की पोरगी हातपाय झाडायची, ते त्याला बघवायचं नाही. शिवाय पंपाची सवय लागते, असं त्याच्या आईने, शांताबाईंनी, डोक्यात भरवलेलं.

"नव्हता द्यायचा तर ठेवून द्यायचास," दर्शना म्हणाली. "बाहेर कशाला मारायचास?"

"संपायला नको? नाहीतर तुला कळलं असतं ना."

पोरीचं रडणं बघवत नाही, हे दर्शनाने समजून घेतलं असतं. पण हा माणूस रोज हिशेबाने औषध हवेत उडवत होता, वर फोनवर दिला म्हणत होता. इस्पितळात रडला तेव्हाही त्याला कारण ठाऊक होतं. त्याच्या पाठीवरून फिरवलेला हात तिने मोरीत जाऊन साबणाने धुतला.

डॉक्टरीणबाईंना तिने त्याच्यासमोरच सगळं सांगितलं. शांताबाईंना सांगितलं. विहारात बायकांनी पुन्हा त्याचं कौतुक काढलं, तेव्हा तिथेही सांगितलं. प्रशांत उठून बाहेर गेला. आता निघण्याआधी ती रुचिताला उठवून, मांडीवर घेऊन स्वतः पंप देते. पोरगी पेंगत का होईना, घेते. उन्हाळ्यापर्यंत तिची छाती मोकळी झाली.

एकदा दर्शनाला ताप होता म्हणून प्रशांतने पंप दिला. दर्शना दाराला टेकून बघत राहिली. त्याने सगळं नीट केलं. रुचिताने त्याला टाळीही दिली. मग तो दर्शनासाठी चहा घेऊन आला. तिने कप घेतला आणि मोरीत ओतला.