भाकरीची ओळ

१९४४ च्या हिवाळ्यात आमची पलटण इटलीत एका डोंगराच्या उतारावर होती. मी लान्स नाईक, वेल्ह्याकडचा. शांतवन मास्तर भोरचे. लढाईआधी ते भोरात शाळा शिकवत आणि रविवारी पाच-सहा घरांची उपासना चालवत. पलटणीत ते स्ट्रेचर पार्टीचे हवालदार होते, तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

रोज संध्याकाळी १७०० ला त्यांच्या तंबूत प्रार्थना होई. हजर माणसं दोन, मास्तर आणि मी. अक्षरं गिरवायच्या निमित्तानं मी जायचो आणि ते निमित्त मी सहा महिने पुरवलं. मास्तरांमुळे मी प्रभूला मानू लागलो होतो, पण ते कुणाला सांगितलं नव्हतं. तंबूबाहेर माझ्या गावचा कोंडिबा बिडी ओढत माझी वाट बघायचा. "झाला का तुजा किरिस्ताव धडा?" म्हणून चिडवायचा. त्यानं गावात एक शब्द कळवला असता, तर मला आणि आईला वाळीत टाकलं असतं. मी भित्रा होतो, दुसरा शब्द नाही.

मास्तरांनी कधी घाई केली नाही. एकदा म्हणाले, "मनातलं देवाला ऐकू जातं रे. पण मला मातीत घालशील तेव्हा मोठ्यानं म्हण. तिथं चोरून चालायचं नाही." मी ते हसण्यावारी नेलं.

पुढच्याच आठवड्यात, सकाळी ०७१० ला, ओढ्याजवळ जखमी जवान उचलताना मॉर्टरचा गोळा पडला. जवान वाचला. मास्तर जागीच गेले.

११०० ला कंपनी खड्ड्यासमोर फॉल-इन झाली. पूल तुटल्यामुळे पाद्री साहेब पलीकडे अडकले होते.

"कंपनीत कोण किरिस्ताव आहे?" सुभेदार साहेबांनी विचारलं. "एक पाऊल पुढं!"

कुणी हललं नाही. कोंडिबा माझ्या डाव्या हाताला उभा होता. माझा बाप्तिस्मा झालेला नव्हता. गप्प राहिलो असतो तरी ते खोटं ठरलं नसतं. तेवढ्याचा आधार घेऊन मी काही वेळ तसाच उभा राहिलो. मग पाऊल टाकलं.

"तू?"

"व्हय साहेब."

प्रभूची प्रार्थना सुरू केली. ती मोठ्यानं मी कधी म्हटलीच नव्हती. तीन-चार ओळींतच अडलो. समोर मास्तर कांबळ्यात गुंडाळलेले, मागे सगळी कंपनी, आणि पुढचं काही केल्या आठवेना.

मागून कोंडिबाचा हलका आवाज आला, "भाकरीचं ऱ्हायलं की."

तंबूबाहेर बसून बसून त्याला सगळी पाठ झाली होती. रोजच्या भाकरीची ओळ मी म्हटली आणि शेवटपर्यंत गेलो. पहिली मूठ माती त्यानंच टाकली.

संध्याकाळी मी त्याला विचारलं, "गावात कळवशील?"

"म्या कशाला? तुजं तू सांग. आता तोंड उघडलंय न्हवं?"

सतरा दिवसांनी कोंडिबाही पडला. गावात मीच सांगितलं. वाळीत टाकलंच. आई मात्र गाठोडं घेऊन माझ्याबरोबर भोरला आली. मास्तरांची ती पाच-सहा घरं पुढं मी सांभाळली, अजून सांभाळतो. दर रविवारी प्रार्थनेत त्या ओळीपाशी मी थोडा थांबतो. मला त्या दोघांची फार आठवण येते. नव्या माणसांना वाटतं, म्हातारा विसरला.

परवा वरवे गावाहून आलेल्या एका बाई मागून हळूच म्हणाल्या, "भाकरीचं ऱ्हायलं, बाबा."