बाबांचा दिवस सहाला बदलायचा

बाबांच्या कॅनव्हासच्या बुटांना अजून ते पायांना चोळायचे त्या निलगिरीच्या तेलाचा वास येतो, आणि तो आला की मला ती एक सकाळ आठवते. डॉक्टरांनी त्यांना रोज सहा हजार पावलं चालायला सांगितलं होतं. मी तेव्हा कोडिंग शिकत होते, म्हणून लॅपटॉपच्या काळ्या स्क्रीनवर चालणारा एक छोटा प्रोग्राम त्यांच्यासाठी लिहिला. फोनमधला पावलांचा आकडा ते सांगायचे, मी टाईप करायचे. आमच्या दोघांत बोलणं असं तेवढंच. आदल्या दिवसाची राहिलेली दोन हजार पावलं ते त्या पहाटे सहाच्या आत प्लांटच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टरच्या रस्त्यावर पुरी करून आले, तर स्क्रीनवर उमटलं, ‘काल अपूर्ण’. "पोरी, तुह्या मशीननं माही हजेरी कापली! कावून?" मी हळूच म्हटलं, "बाबा, रात्री बाराला तारीख बदलते." "तुमची बदलत असन. प्लांटमधी आमचा दिवस सकाळी सहाले बदलते. नाइट शिफ्टवाल्याले इचार." स्वयंपाकघरातून आई हसली. मी वाद न घालता प्रोग्राममधला दिवस बदलण्याचा आकडा शून्याचा सहा केला. ‘काल पूर्ण’ दिसताच ते म्हणाले, "हां, अब बनी बात," आणि माझ्या कुठल्याच मार्कांवर हसले नव्हते तसे हसले. त्यांना जाऊन आता वर्ष झालं. आज पहाटे साडेपाचला त्या बुटांशेजारी बसून मी तो प्रोग्राम उघडला. बाहेर उजाडत होतं, पण त्याच्या हिशोबानं अजून कालच चालू होता. सहा वाजेपर्यंत मी तो बंद केला नाही.